पाय आत घे

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला बाजारात सगळे भोंगा म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी नावाने हाक मारली तर ते वळूनही पाहत नसत. घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचं काम त्यांनी छत्तीस वर्षं केलं. सकाळी ट्रक रिकामे व्हायचे, क्रेटवर क्रेट चढायचे, शंभर माणसं एकाच वेळी बोलत असायची, आणि त्या गलक्याच्या वरून दाजींचा आवाज जायचा. माइक नाही, काही नाही. "एक वार... दोन वार..." तिसऱ्या वाराला बाजार गप्प व्हायचा.

मी शाळेत शिक्षिका होते. दिवसभर मुलांना हळू बोला, हळू बोला म्हणून सांगायचं आणि ताईकडे जेवायला आलं की हा माणूस समोर. मीठ मागायलासुद्धा लिलावाचाच आवाज. माझे कान किटायचे. मी म्हणायचे, "दाजी, आम्ही बहिऱ्या नाही आहोत." त्यावर ते आणखी मोठ्याने म्हणायचे, "मास्तरीणबाई, छडी शाळेत ठेवून येत जा!" आमचं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे सांगणार आहे त्यात माझी एक मोठी चूक आहे, आणि ती या न पटण्यातूनच झाली.

ताईचे डोळे काचबिंदूने गेले. एकदम नाही गेले. पाच-सहा वर्षं अंधार कडेकडेने आत सरकत राहिला आणि शेवटी खिडकीत उजेड आहे की नाही, एवढंच तिला कळू लागलं. दाजींच्या आवाजाचा उपयोग काय असतो, ते मला तेव्हा समजलं. ते दारातून आत येतानाच सुरू व्हायचे. "आलो! पिशवीत वाटाणा आहे, दोन किलो. टेबलावरचा ग्लास भिंतीकडे सरकवतोय, हात मारू नकोस. खुर्ची होती तिथेच आहे." मग खिडकीत उभं राहून सगळा रस्ता तिला सांगायचे. समोरच्या शिंप्याने दुकानाला हिरवा रंग दिलाय, भयाण दिसतोय. तिसऱ्या मजल्यावरची बाई गॅलरीत नवऱ्याशी भांडतेय, आज तिचंच खरं दिसतंय. ताई हसून हसून बेजार व्हायची. शिंप्याच्या दुकानासमोरून मी रोज जायचे, पण त्याचा रंग बदलल्याचं मला आंधळ्या बहिणीकडून कळलं.

त्या दोघांचं एक ठरलेलं भांडण होतं. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या दारात, चौकटीला पाठ टेकून, ताई पाय पसरून बसायची. गुडघे दुखतात म्हणायची. भाजी तिथेच निवडायची, रेडिओ तिथेच ऐकायची. दाजी येता-जाता तिच्या पायांना अडखळायचे आणि ओरडायचे, "अगं, पाय आत घे! पडून मेलो ना, तर रडत बसशील!" ताई जागची हलायची नाही. "नाही घेत. डोळे तुम्हाला आहेत ना?" हे दिवसातून चार-पाच वेळा चालायचं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती आणि हे भांडण बहुधा पहिल्या वर्षापासूनचं असावं.

मग दाजींचा आवाज बसला. बाजारातली धूळ, त्यात रोजचं ओरडणं, म्हणून महिना-दीड महिना कुणी मनावर घेतलं नाही. मी तर म्हणाले, "बरं झालं, घराला जरा शांतता." हे मी बोलले होते. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांकडे मीच बरोबर गेले होते. ते म्हणाले, स्वरयंत्र सगळं काढावं लागेल. गळ्याला खाली एक भोक ठेवू, श्वास तिथून घ्यायचा. जीव वाचेल, आवाज मात्र राहणार नाही. कुजबुजसुद्धा नाही. दाजींनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "नाही काढलं तर?" डॉक्टर म्हणाले, वर्षभर, कदाचित तेवढंही नाही. दाजी म्हणाले, "घरी बायकोला दिसत नाही हो." डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

ऑपरेशनला आठ दिवस होते. बोलणं कमी करा असं बजावलेलं असतानाही ते आठ दिवस दाजी ताईशी बोलत होते. एका दुपारी मी गेले तेव्हा ते कपाट उघडून तिला सांगत होते, कुठल्या फळीवर काय आहे, तिच्या कुठल्या साडीचा रंग विटलाय. मग म्हणाले, "आणि तू. केस पांढरे झालेत सगळे. कानामागे एक बट आहे, ती काळीच आहे अजून." मी आल्या पावली परत फिरले आणि जिन्यात बसून रडले.

त्याच वर्षी मी निवृत्त झाले. एकटीच होते, म्हणून बाडबिस्तरा उचलून त्यांच्याकडे राहायला आले. कुणीतरी हवंच होतं. एकाला बोलता येईना, दुसरीला दिसेना. दाजी टाळ्या वाजवून हो-नाही सांगायचे, एक टाळी हो, दोन टाळ्या नाही. पण हो-नाहीवर संसार किती चालणार? डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. दाजींनी ते लावून ताईला हाक मारली, तर पत्र्याच्या डब्यातून यावा तसा सपाट, एकसुरी आवाज आला. ताई भिंतीला चिकटली. "बंद करा ते! कोण आहे?" दाजींनी यंत्र खोक्यात घातलं आणि खोकं माळ्यावर गेलं.

शेवटी मी माझ्या ट्रंकेतून पाटी काढली. दाजी लिहायचे आणि मी ताईला वाचून दाखवायचे.

आणि इथे मी माती खाल्ली. दाजींनी लिहिलं, 'तिला सांग, पाय आत घे, पडून मेलो तर रडत बसशील.' मी वाचलं, "ताई, पाय जरा जवळ घेतेस का, असं म्हणताहेत." दाजींनी लिहिलं, 'भाजीत मीठ आहे का समुद्र?' मी वाचलं, "मीठ किंचित जास्त झालंय म्हणतात." तेहतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या होत्या. चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ ओढून वर बरोबर शब्द लिहायचा, हे हातात मुरलेलं. शिवाय मनात यायचं, हा आजारी, ही आंधळी, आता तरी घरात गोडीने बोललं जावं. दाजी बऱ्याचदा पाटी माझ्या हातात देऊन दुसऱ्या खोलीत गेलेले असायचे, त्यामुळे त्यांना काही कळत नव्हतं. मला तर वाटत होतं की मी घर सुधारतेय.

असे चार महिने गेले. ताई हळूहळू गप्प होत गेली. रेडिओ लावायची नाही. खिडकीकडे तोंड करायची नाही. एका दुपारी आम्ही वाटाणे सोलत होतो, तेव्हा तिने विचारलं, "हे आता चिडत नाहीत का गं माझ्यावर?"

"नाही," मी अभिमानाने म्हणाले. "अगदी शांत झालेत."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हणजे गेलेच की मग. मी आपली म्हणत होते, आवाज गेला तर गेला, माणूस आहे. पण हे कुणीतरी परकंच आहे. पाहुण्यासारखं बोलतंय माझ्याशी." आणि ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. "ऑपरेशन नको होतं करायला," असंही म्हणाली.

दाजी माझ्या मागे उभे होते. पूर्वी ते जिन्यात असतानाच कळायचं. आता ते कुठे आहेत हे कुणालाच कळत नसे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्यांनी मला खुणेने आतल्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि पाटीवर लिहिलं, 'काल मी मिठाचं काय लिहिलं होतं?' मी सांगितलं. 'तू काय वाचलंस?' तेही सांगितलं. 'का?' मी म्हणाले, कटकट नको म्हणून. तुमची भाषा जरा... त्यांनी पाटी पुसली, सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग लिहिलं, 'तिचा नवरा मी आहे का तू?'

मला त्यांनी बडवलं असतं तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवसापासून मी लिहिलेलं जसंच्या तसं वाचू लागले. पण त्यानेही काम भागेना. "पाय आत घे, पडून मेलो तर" हे माझ्या आवाजात वर्गाला दटावल्यासारखं निघायचं. ताईला ते लागायचं. ती निमूटपणे पाय ओढून घ्यायला लागली, आणि दाजींना ते बघवत नसे.

हॉस्पिटलात दर मंगळवारी दाजींसारख्यांना पुन्हा बोलायला शिकवणारा एक वर्ग चालायचा. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितल्यावर दाजी एकदाच गेले होते आणि अर्ध्यातून उठून आले होते. तिथल्या शिकवणाऱ्याचा आवाज ऐकून त्यांनी पाटीवर लिहिलं होतं, 'भोंगा होतो. बेडूक होणार नाही.' आता तेच दाजी पुढच्या मंगळवारी पायात चपला घालून माझ्यापुढे उभे राहिले. वय वर्षं सहासष्ट.

शिकवणारे गृहस्थ निवृत्त बस कंडक्टर होते. त्यांचंही स्वरयंत्र नऊ वर्षांपूर्वी काढलेलं. जुन्या इमारतीतली खोली, भिंतीला ओल, सहा खुर्च्या आणि एक आरसा. ते त्या खरखरीत, खोल आवाजात म्हणाले, "हवा गिळायची. पोटात जाऊ द्यायची नाही. वरच अडवायची आणि सोडताना तिचा शब्द करायचा. म्हणजे ढेकरच. लहानपणी ज्याच्यासाठी आईचा मार खाल्ला, तोच." हसू ऐकू आलं नाही. त्या खोलीत हसण्याचाही आवाज निघत नसे, नुसते खांदे हलायचे.

दाजींनी मला एक अट घातली. ताईला यातलं काही कळता कामा नये. मी म्हणाले, का? तिला तेवढीच आशा. त्यांनी लिहिलं, 'एकदा गेलाय तिच्यासाठी माझा आवाज. नाही जमलं तर दोनदा जाईल.'

मग आतल्या खोलीत रोज सकाळ-संध्याकाळ आमचा वर्ग. 'प', 'ट', 'क' यांनी सुरुवात करायची, कारण ते उच्चारताना हवा आपोआप आत ढकलली जाते. पाट. ताट. काप. तीन महिने झाले तरी शब्द म्हणून काही उमटेना. गळ्याच्या भोकातून फस्स करून वारा सुटायचा, चेहरा लालबुंद व्हायचा, मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या. दाजी चिडून खुर्चीला लाथ मारायचे. वर्गातली बाकीची माणसं त्यांच्यामागून येऊन पुढे गेली. एका शिवणकाम करणाऱ्या बाईला तर सात आठवड्यांत मुलीचं नाव घेता आलं. दाजी त्या दिवशी घरी जेवले नाहीत.

ताईला बाहेर भलतंच वाटत होतं. "यांना ढेकरा फार येताहेत गं. पोट बिघडलंय. डॉक्टरांना दाखव." एकदा म्हणाली, "आणि तुम्ही दोघं दार लावून काय करता?" मी म्हणाले, मानेचा व्यायाम. खोटं बोलण्यात माझा हात बसला होताच.

शेवटी दाजींची चूक कंडक्टरांनीच पकडली. एक दिवस ते समोर बसून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही कुणाशी बोलताय?" दाजींनी खांदे उडवले. "तुम्ही बाजाराशी बोलताय. शंभर माणसांना ऐकू जायला पाहिजे म्हणून जोर लावताय. जोर लावला की वारा गळ्यातून सुटतो आणि शब्द त्यात बुडतो. आता तुमच्याकडे एका माणसापुरताच आवाज आहे. त्या एका माणसाला सांगा."

छत्तीस वर्षं ज्या जोरावर नाव कमावलं, तोच जोर सोडायचा होता. हे कठीण गेलं. मी जुन्या वह्यांच्या पातळ पट्ट्या कापल्या आणि एकेक त्यांच्या गळ्यासमोर धरू लागले. पट्टी हलली की चूक. मी म्हणायचे, "हलली. पुन्हा." "हलली. पुन्हा." ते माझ्याकडे असे बघायचे की कच्ची खातील. पण हेही खरं, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमचं पटत होतं. शिकणारा पुन्हा पुन्हा चुकतो तेव्हा काय करायचं असतं, ते मला येत होतं. आणि सहासष्टाव्या वर्षी आरशासमोर बसून 'पाट' म्हणणं हे भर बाजारात आवाज लावण्यापेक्षा मोठं काम आहे, हे मला रोज दिसत होतं. मी त्यांना त्याआधी कधी मान दिला नव्हता. तेव्हा दिला.

सहाव्या महिन्यात पट्टी न हलता 'पाट' आला. नीट, कोरडा, खालून आलेला. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मी म्हणाले, "पुन्हा." ते पुन्हा म्हणाले. मग एका दमात दोन शब्द जमू लागले, मग तीन. 'ह' कधीच आला नाही, 'हो'चं नेहमी 'ओ'च राहिलं.

आठव्या महिन्यातल्या एका दुपारी ताई दारात बसली होती. त्या दिवशी गुडघे जास्त दुखत होते म्हणून तिने पाय पसरले होते. दाजी आतून आले आणि तिच्यापुढे थांबले. गळ्यावरचा रुमाल नीट केला. मी ओट्यापाशी होते. नळ बंद केला.

"काय गं," दाजी म्हणाले.

ताईचं अंग ताठ झालं. "कोण आहे?"

दाजींनी हवा गिळली. "पाय." पुन्हा गिळली. "आत घे." पुन्हा. "पडेन."

ताईने हात पुढे केला. तो त्यांच्या पावलाला लागला. तिने बोटांनी टाच चाचपली, घोटा चाचपला, पायजम्याची दुमड चाचपली. मला वाटलं ती आता किंचाळणार, यंत्राच्या वेळेसारखी. पट्टी धरावी तसा माझा श्वास मी धरून ठेवला होता.

"नाही घेत," ताई म्हणाली. "डोळे तुम्हाला आहेत ना?"

दाजी तिथेच, तिच्या पायांशी, फरशीवर बसले. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. मी गॅलरीत गेले आणि मागचं दार ओढून घेतलं. त्यानंतर ते काय बोलले ते मला माहीत नाही. वर्ष-सव्वा वर्षात पहिल्यांदा ते काहीतरी बोलले आणि ते मला ठाऊक नव्हतं.

पुढची चार वर्षं दाजी बोलले. एका दमात चार शब्द, फार तर पाच. खिडकीतला रस्ता पुन्हा सुरू झाला, पण मोजका. "शिंपी. नवीन पाटी. वाकडी लावलीय." ताई त्यासाठी हातातलं काम थांबवायची, रेडिओ बंद करायची, कान त्यांच्याकडे करायची. एकदा मला म्हणाली, "आधी सगळ्या बाजाराचे होते. आता नुसते माझे आहेत." दर मंगळवारी दाजी त्या ओल आलेल्या खोलीत जायचे. कंडक्टर थकल्यावर वर्ग त्यांनीच चालवला. नवीन आलेला माणूस चिडून पाटीवर 'जमणार नाही' असं लिहायचा, तेव्हा दाजी त्याला विचारायचे, "घरी कोण?" तो लिहायचा, आई, बायको, भाऊ. दाजी म्हणायचे, "तेवढ्यालाच सांग."

मग आजार फुप्फुसात उतरला. महिनाभरात ते पलंगाला लागले. पलंग बाहेरच्या खोलीत, दाराजवळ आणला. हवा गिळायचीही ताकद उरली नाही. ताई पलंगाला टेकून खाली बसायची, पाय दाराकडे पसरून, एक हात त्यांच्या हातात.

शेवटच्या सकाळी दाजींनी बोटाने हवेत लिहिल्यासारखं केलं. मी कपाटावरून पाटी काढली. चार वर्षांची धूळ होती तिच्यावर, ती पदराने पुसली. त्यांनी लिहिलं. अक्षरं उतारावरून घसरत गेली होती. मी ते आधी मनातच वाचलं.

"काय लिहिलंय?" ताईने विचारलं.

पूर्वी मी वाचलं असतं, "ताई, जवळ बस, असं म्हणताहेत." मी तिच्याजवळ खाली बसले. वर्गाला वाचतात तसं नाही, कंडक्टरांनी सांगितलं होतं तसं, एकाच माणसाला ऐकू जाईल असं वाचलं.

"पाय आत घे. मला नेताना माणसं अडखळतील."

ताईने तोंड माझ्याकडे वळवलं. "असंच लिहिलंय?"

"असंच."

"तू काही बदललं नाहीस ना?"

"एक अक्षर नाही, ताई."

ती हसली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. "मेला भोंगा," म्हणाली. मग तिने गुडघ्यांवर हात टेकले आणि पाय आत घेतले, आधी एक, मग दुसरा.

दाजी मान वळवून बघत होते. तिला कसं कळणार, म्हणून मी सांगितलं, "ताई, ते बघताहेत."